वर की खाली

मावशी गेल्याचं काकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी ठाण्याला आमच्या फिजिओथेरपी कॉलेजच्या जिन्यात उभी होते. "हेमा, संपलं गं सगळं," एवढंच म्हणाले. त्याला पाच आठवडे झाले. लिहू की नको करत आज बसलेय, कारण एक गोष्ट मी घरात कुणालाच सांगितली नव्हती...

मावशी आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, कोपरला राहायचे; ती ब्लाऊज शिवायची. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि त्याचा आनंद आईपेक्षा तिलाच जास्त. दिवा स्टेशनजवळ आमच्या घरी पाणी आलं नाही की मी कपड्यांचं बोचकं आणि पुस्तकं घेऊन तिच्याकडे जायचे. समोर गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी ती ओरडायची, "आली बघा आमची डॉक्टरीण! धुणं घेऊन आली!" मी म्हणायचे, "अगं, डॉक्टर नाही, फिजिओ. तीपण अर्धीच." "मग फीपण अर्धीच देईन."

दिवाळीच्या आधी मशीन चालवताना ती सारखी खाली पायांकडे बघायला लागली. इतकी वर्षं न बघता पायडल मारणारी बाई! म्हणाली, गादीवरून चालल्यासारखं वाटतं. तिला डायबेटिस होता. काका म्हणाले, डॉक्टरांना दाखवू. तर ही म्हणते कशी, "ब्लाऊज पडलेत ढीगभर. आणि पोरगी शिकतेय ना, ती बघेल की!" मला तेव्हा किती बरं वाटलं... नुकतंच आम्हाला शिकवलं होतं की डोळे मिटले तरी आपला हात, पाय कुठे आहे हे कळतं, कारण स्नायू आणि सांधे ती खबर मेंदूला देत असतात. खबर पोचते का, ते अंगठा हलवून बघतात. मी मावशीला डोळे मिटायला लावले, तिच्या पायाचा अंगठा वरून-खालून चिमटीत धरला आणि विचारत गेले, "वर की खाली?" दहाच्या दहा उत्तरं बरोबर. "बघा, पास झाले!" ती काकांना म्हणाली. मीही म्हटलं, नसा ठीक आहेत. डॉक्टरांकडे जाणं राहिलं ते राहिलंच.

महिन्याभरात ती बाथरूममध्ये पडली. तोंडाला साबण लावून डोळे मिटले होते. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, मग न्यूमोनिया... ती घरी आलीच नाही.

ती गेल्यावर दोन आठवड्यांनी वॉर्डात एका पेशंटला तपासताना मॅडमनी मला थांबवलं. "अंगठा डावी-उजवीकडून धर. असा वरून-खालून धरलास तर तुझ्या बोटाचा दाबच त्याला उत्तर सांगतो." पुढचं मला काही ऐकू आलं नाही. मावशी माझ्या बोटांवरून ओळखत होती. पाय कुठे पडतोय हे तिला फक्त बघूनच कळत होतं, आणि डोळे मिटल्यावर... वेळेवर डॉक्टरांकडे गेली असती तर वाचलीच असती, असं मी म्हणू शकत नाही. पण जायची वाट मी बंद केली.

परवा कोपरला जाऊन काकांना सगळं सांगितलं. वाटलं, आता उठून आत जातील. त्यांनी खुर्चीतूनच पाय पुढे केला.

"साखर मलाही आहे. आता नीट धरून दाखव."

त्यांनी डोळे मिटले. मी अंगठा डावी-उजवीकडून धरला. वर, खाली, खाली, वर... सगळं बरोबर आलं.

"ठीक आहे ना?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं.

"हो काका. तरी उद्या डॉक्टरांकडे जायचंय."