भाऊबीजेला यमाशी भांडायला

भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातो. आमचा सुधीर दरवर्षी कोल्हापूरहून पुण्याला यायचा आणि माझ्या हातचं चारीठाव जेवून सोफ्यावर घोरत पडायचा. या श्रावणात तो गेला. हार्ट अटॅक. वय अवघं चव्वेचाळीस. यंदा दाराकडे बघत घरात बसणं मला झेपणार नव्हतं. म्हटलं, तो येत नाही ना, मग आपणच जाऊ.

पाडव्याला सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. कोणी जाणार असाल तर पाडव्यालाच निघा, भाऊबीजेला उभं राहायलाही जागा मिळत नाही. साताऱ्यापुढचा चौपदरी रस्ता आता झकास झालाय. शेजारच्या बाईंनी विचारलं, "भावाकडे का?" मी हो म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. दोन्हीकडे ऊस होता, दुसरं काही आठवत नाही.

खरं सांगायचं तर मी भांडायला निघाले होते. यमाशी. यम या दिवशी बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला गेला आणि खूश होऊन त्यानं वर दिला, की आज जो बहिणीच्या हातचं जेवेल त्याला माझं भय नाही. मी इतकी वर्षं पुरणावरणाचं घातलं की! वर ह्याला धर्मराज म्हणायचं, न्यायाचा देव! कसला डोंबलाचा न्याय?

कोल्हापुरात राजारामपुरीतलं लॉज स्वच्छ होतं, भाडंही पुण्याच्या मानानं बरंच कमी. पण दिवाळीत खानावळी बंद असतात, तेव्हा फराळ बरोबर ठेवा. मी रात्री चिवडा खाऊन झोपले. आजूबाजूला फटाके वाजत होते आणि मला इतकं एकटं वाटलं की लाइट घालवायचाही धीर होईना.

सकाळी देवीच्या देवळात रांग मोठी होती, कळसाला हात जोडून मागे फिरले. सुधीर कागलच्या एमआयडीसीत कामाला होता आणि राहायचा इथेच, लॉजपासून दोन गल्ल्या सोडून. घरमालकीण गडहिंग्लजकडची, घरात कानडी बोलणारी. तो तिला अक्का म्हणायचा. शेवटी त्याला दवाखान्यात तिनंच नेलं होतं. श्रावणात मी आले तेव्हा तिला काही विचारायची हिंमत झाली नव्हती. आज तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

"या की ताई, भाईर का उभ्या?"

पाणी प्यायले आणि विचारलंच. "अक्का, तो घाबरला होता का हो?"

नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. कुणीही तसंच म्हणालं असतं.

"व्हय. लई भ्याला हुता. खोटं कशाला सांगू? रिक्षात माझा हात धरला त्यो सोडलाच न्हाय. नर्स म्हनाली भाईर थांबा. म्या म्हनलो, तम्मा हाय माझा, न्हाय जात जा."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

"मग?"

"मग काय. हात ढिला पडला तवा कळलं."

मी तिथेच ओक्साबोक्शी रडले. जरा वेळानं अक्का उठली, ताट वाढलं आणि दरडावून म्हणाली, "जेवा आता. उपाशी जायाचं न्हाय हितनं." भाकरी, वांग्याचं भरीत, करंजी. दोनदा नको म्हटलं तरी दोन्ही वेळा वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात पोचले. कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या. मैत्रिणीचा फोन आला, "रंकाळा बघितलास का गं?" नाही बघितला. पन्हाळाही नाही, तांबडा-पांढरा रस्साही नाही. प्रवास म्हणून सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही.

यमावरचा राग गेला म्हणाल तर तसूभरही नाही. पण श्रावणापासून रोज रात्री डोळा लागायच्या आधी सुधीर मला एका खोलीत एकटाच, भेदरलेला दिसायचा. काल तसा दिसला नाही. काल तो नव्हता, इतकंच, आणि मी पहाटेपर्यंत झोपले.