केशवच्या दारातली नाल

दहा वेळा नाल उचलायची तर कोणीही एक, दोन, तीन असं मोजेल. बळीराम म्हणायचा, केशव, केशव, केशव. दहावा केशव झाला की नाल खाली ठेवायची, घाम पुसायचा आणि पुन्हा पहिल्या केशवपासून सुरुवात. लोक देवाचं नाव घेतात, हा वैऱ्याचं घ्यायचा; आणि खरं सांगू का, धाकटी नाल हाती आल्यापासून त्याचा नेम एक दिवस चुकला नाही.

नाल म्हणजे आखाड्यातलं वजन. दगडाची, मधे पोकळ, आत धरायला दांडा. जुनी शुक्रवारी या मोहल्ल्यातल्या आखाड्यात अशा तीन होत्या. मोठी होती दोन मणांची आणि ती एका हातानं खांद्यावर घ्यायची. वस्ताद गणपतरावांच्या जवानीनंतर ती कोणी घेतलीच नव्हती. एकाहत्तरच्या नागपंचमीला बळीराम घेणार, हे मोहल्ल्यानं धरूनच ठेवलं होतं. इतवारीच्या धान्यबाजारात हमाली करणारा गडी, भरलं पोतं पाठीवर असताना गप्पा मारत चालायचा.

केशवला हे पाहवेना. दोघे एकाच मातीतले, एकाच वयाचे, पण केशवची मजल मधल्या नालेपर्यंत. पंचमीला आठ दिवस असताना दोघांची सरावाची कुस्ती लागली. केशवनं बळीरामचा पाय धरून पिळला. वस्ताद ओरडले, "सोड!" अख्ख्या आखाड्यानं ऐकलं. केशवनं सोडला नाही. अजून एक-दोन पळं धरून ठेवला आणि गुडघा कट्‌कन वाजला. मग माती झटकत म्हणतो कसा, "ऐकूच नाही आलं मले."

ऐकू नाही आलं! रस्त्यावरचा टांगेवाला थांबून आत डोकावला त्या आवाजानं, आणि या मेल्याला दोन हातांवरून ऐकू आलं नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय काठीसारखा ताठ. हमाली गेली. बळीराम बाजारात बायांच्या ओळीत बसून पोत्यांची तोंडं शिवायला लागला. पाठीवर पोतं घेऊन जाणारे जुने सोबती त्याच्याकडे बघायचं टाळत, आणि ते न बघणंच त्याला जास्त झोंबे. त्यानं मनात एकच ठरवलं. मोठी नाल उचलायची आणि केशवच्या दारात नेऊन ठेवायची.

दारात नाल ठेवणं ही त्या आखाड्याची जुनी रीत. पंचमीला जो मोठी नाल घेईल त्यानं ती हव्या त्या माणसाच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायची. त्या माणसानं ती स्वतः उचलून आखाड्यात परत आणायची. लोटायची नाही, उचलायची. नाही जमलं तर ती तिथंच राहणार. त्या दोघांखेरीज कोणी तिला हात लावायचा नाही, आणि हळदकुंकू लागलेली नाल म्हणून घरच्यांनी तिच्यावरून पाय टाकायचा नाही. ज्यानं ठेवली त्यानं परत नेली, तर माफी झाली.

पण गुडघा वाकायला तर हवा! हाड बसवणारी सगळ्या शुक्रवारीत एकच, मनकर्णाकाकू. आणि मनकर्णाकाकू म्हणजे केशवची आई.

"त्याच्या घरची पायरी चढणार नाही मी," बळीराम गरजला.

"चढू नका," त्याची बायको रुख्मिणी म्हणाली. "पायरीवर बसा. काकू येतीन बाहेर."

पायरीवर बसला. काकूंनी गुडघा चाचपला आणि वर पाहिलं. "हे आपोआप नाही फिरलं गा. कोनं फिरवलं?"

"पडलो."

आईकडे गाऱ्हाणं सांगून सूड होत नसतो, एवढं त्याला कळत होतं. पुढे गल्लीतून काकूंच्या कानावर सगळं आलंच, केशवच्या त्या 'ऐकूच नाही आलं'सकट. रोज उंबऱ्याआत बसून तिळाच्या तेलानं गुडघा चोळायच्या. त्यांनी पावलाला विटेची पिशवी बांधून पाय उचलायला लावला, सहा महिन्यांनी अर्धी बैठक, मग कुठं धाकटी नाल. पैसा घेत नसत. बरा झाला की नारळ आणायचा, बस. केशव पायरीवरून जाता-येता विचारायचा, "काय गा बळीराम, शिवण कसं चालू राहिलं तुह्यं?" बळीराम दात आवळून पाय उचलायचा. तेलाच्या बरोबरीनं या बोलण्यानंही गुडघा बरा झाला असं मी म्हणतो.

त्र्याहत्तरची पंचमी. बळीरामनं मोठी नाल धरली, मांडीपर्यंत आणली, गुडघा थरथरला, आणि पुढच्या क्षणी ती खांद्यावर होती. आखाडा नुसता गरजला. तो थांबला नाही. गल्ली ओलांडून तसाच चालत गेला, मागे दोनशे माणूस. केशवचं दार अरुंद, पावणेदोन फुटांचं. नाल उंबऱ्यावर आडवी अशी बसली की दोन्ही बाजूंना बोट जाईना.

"घे," बळीराम म्हणाला.

केशवनं लंगोट कसला. एकदा उचलून पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा नाल वीतभर उठली आणि धप्पकन खाली आली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं त्याच्यासाठी. त्या संध्याकाळपासून शुक्रवारीचा पैलवान मागच्या भिंतीवरून उडी मारून घरात जाऊ लागला आणि पोट्टे भिंतीपाशी बघायला जमू लागले. बळीरामला दोन वर्षांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

तीन आठवडे तो घरीच होता. खांद्यावरच्या ओझ्यानं गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. शेवटी रुख्मिणीनंच काकूंचा राहिलेला नारळ हातात दिला. "जा. काकूंकडं जा."

गेला, आणि दारात थांबला. मधे नाल. पलीकडे मनकर्णाकाकू भिंतीला टेकून बसलेल्या. शेजारीण नालेवरून पाण्याची कळशी आत देत होती.

"काकू, बाहेर या ना."

"कुठून येऊ? भिंतीवरून उडी मारू?" त्यांनी शांतपणे विचारलं. "तीन हप्ते झाले, उंबरा नाही पाहिला मी."

हजार वेळा बळीरामनं हे दार मनात पाहिलं होतं, दर वेळी दारात केशव एकटाच. ज्या उंबऱ्यावर दोन वर्षं पाय चोळून घेतला, तो काकूंचाही आहे हे या शहाण्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. लाज वाटली त्याला, खरोखर वाटली. पण राग? तो तसूभर कमी झाला नाही.

"आन पाय इकडं," काकू म्हणाल्या.

कसा आणणार? नालेवरून पाय टाकायचा? त्यानं नारळ पायरीवर ठेवला, वाकला आणि सुजल्या गुडघ्यावर ती दोन मणांची नाल उचलली. डोळ्यांत पाणी आलं. गल्लीतले चार जण धावले, "माफ केलं का गा?"

"नाही!" तो ओरडला आणि नाल फक्त उभी करून कडेला, चौकटीला टेकवून ठेवली. "दारातच आहे ते. काकूपुरती वाट केली फक्त."

वाळलेल्या मनकर्णाकाकू त्या फटीतून सहज बाहेर आल्या, उन्हात पायरीवर बसल्या आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. तेवढ्यात केशव आला. फट पाहून त्याचा चेहरा उजळला. तो दारात शिरला आणि छातीशी अडकला. मागे आला, आडवा झाला, पोट आत ओढून खेकड्यासारखा घुसायला लागला.

दोन वर्षं साठवलेलं सगळं बळीरामच्या जिभेवर आलं. "हळू गा केशव! गुडघा सांभाळजो!"

पायरीपाशी जमलेले सगळे खो खो हसले. आणि त्याच क्षणी काकूंनी गुडघ्याच्या खोबणीत अंगठा रोवला. सगळा जोर लावून रोवला.

"आई गं! सोडा, काकू! सोडा!"

त्यांनी सोडला नाही. एक-दोन पळं तसाच दाबून धरला, बळीरामच्या डोळ्यांत बघत. मग अंगठा काढला आणि तेलाची वाटी जवळ ओढली.

"ऐकूच नाही आलं मले," त्या म्हणाल्या.