रोज दही खाऊनही

"अ‍ॅडिनोकार्सिनोमा," डॉक्टरबाई रिपोर्टवरून नजर उचलून म्हणाल्या. "म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तरात सुरू झालेला कॅन्सर. पसरलेला दिसत नाहीये. ऑपरेशन करूया."

माझ्या तोंडून निघालं, "पण मॅडम, मी तर रोज घरचं दही खाते."

नवरा शेजारीच बसला होता. त्याला ठाऊकच नव्हतं की चार महिने मला शौचावाटे रक्त जात होतं. मूळव्याध असेल म्हणून मी गप्प होते. माझा मोठा भाऊ आमच्या गोडदेव भागातच, मागच्या गल्लीत राहतो. दादाने मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ दाखवला होता, दह्यातले जिवाणू कॅन्सर होऊच देत नाहीत म्हणून. मी एका वाटीच्या दोन केल्या आणि डॉक्टरकडे जायचं टाळलं. शेवटी अशक्तपणाने पडले, तेव्हा कुठे तपासण्या झाल्या.

बाई रागावल्या नाहीत. "दह्यात प्रोबायोटिक असतात, म्हणजे आतड्याला उपयोगी पडणारे जिवंत जिवाणू. दही खाणाऱ्यांना हा कॅन्सर थोडा कमी होत असावा, असं काही अभ्यासांत दिसतं. पक्कं कुणी सांगू शकत नाही. पण झालेला कॅन्सर दह्याने जात नाही."

ऑपरेशन झालं, मग केमो. प्रत्येक केमोआधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. रिपोर्ट येईपर्यंत मला एका जागी बसवायचं नाही. लिफ्टपासून पाण्याच्या कूलरपर्यंत नुसत्या येरझारा. तिसऱ्या वेळी पांढऱ्या पेशी फारच उतरल्या. केमो आठवडाभर पुढे गेली. "मी सांगेपर्यंत दही-ताक बंद," बाई म्हणाल्या. "प्रतिकारशक्ती एवढी कमी असताना हेच जिवाणू त्रास देऊ शकतात."

त्याच संध्याकाळी दादा ताकाची बाटली घेऊन आला. मी नको म्हटल्यावर स्वतःच प्यायला आणि सहज बोलून गेला, "मलापण अधूनमधून रक्त जातंय. उष्णता, दुसरं काय. ताकाने बरं वाटतं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल."

"उद्या माझ्याबरोबर हॉस्पिटलला येतोयस."

"तू आधी स्वतःचं बघ."

"तू तपासून घेतल्याशिवाय मी पुढची केमो घेणार नाही."

दादा बाटली उचलून निघून गेला. सकाळी मात्र शर्ट घालून दारात उभा होता.

दोन दिवसांनी कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं पाहणं. दोन पॉलिप सापडले, आतड्यात वाढलेले मांसाचे कोंब. तिथल्या तिथे काढले. बायोप्सीचा, म्हणजे त्या कोंबांच्या तपासणीचा, रिपोर्ट येईपर्यंत माझी झोप उडाली होती. दोनातला एक कोंब पुढे कॅन्सरकडे जाणारा निघाला. "वेळेवर आलात," बाई दादाला म्हणाल्या.

माझे उपचार संपले. बाईंच्या परवानगीने दही पुन्हा खाते, आवडतं म्हणून. तुम्हीही खा. पण रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

दर तपासणीआधी माझ्या येरझारा अजून चालूच असतात. आता आम्ही दोघं एकत्रच जातो. मागच्या वेळी शेजारी एक माणूस फाइल छातीशी धरून बसला होता. एरवी अनोळखी माणसाशी न बोलणारा दादा त्याच्याकडे सरकला.

"कॅमेऱ्याची तपासणी आहे का? लाजू नका. मीपण लाजलो होतो. बहिणीने ओढून आणलं."