हौद गळतो म्हणे!

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. ह्यांच्याजवळही नाही — आणि हे होते तोवर मी त्यांना आमटी खारट झाल्याचंसुद्धा आधीच सांगून टाकायची. मग आजच का? कारण गेल्या आठवड्यात मला इतका आनंद झाला, की तो मला पेलवेना.

विश्रांतवाडीतलं आमचं जुनं घर. मागच्या अंगणात पोहायचा हौद — आताची मुलं स्विमिंग पूल म्हणतात, म्हणू देत. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी बांधलेला. सरकारी इंजिनिअर होते, जन्मभर नद्यांवर पूल बांधले. लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांना पाय ठेवू दिला नव्हता. म्हणून या हौदाचा एकच कायदा — येईल त्यानं पोहावं, कुणाची परवानगी नको.

गळतो म्हणून कित्येक वर्षं तो कोरडा पडला होता. आत पिंपळाची रोपं, फुटक्या कुंड्या, आणि दर उन्हाळ्यात तिथेच पिल्लं घालणारी एक मांजर. यंदा माझी नात मित्रा हट्टाला पेटली. काय मजा आली म्हणून सांगू! पाला उपसला, रोपं मुळासकट काढली. "आजी, तू फक्त खुर्चीत बसून बघ." बघतेय कसली! घेतला ब्रश आणि उतरले पायऱ्यांवर. काळा थर निघाला आणि खाली फरशी — अगं बाई, तोच निळा रंग!

मग पाणी भरलं. मिस्त्री म्हणाले, भरून ठेवू, म्हणजे गळती कळेल. भिंतीवर रेघ मारली. आम्ही उठता-बसता ती रेघ बघायचो. पाणी आपलं जिथल्या तिथे!

"आजी, हा गळतच नाहीये! पणजोबांचं काम एक नंबर!" मित्रा अंगणात नाचायला लागली. मीही हसत होते, डोळे पुसत होते. आणि मग तिनं विचारलं, "पण तेव्हा कसा काय गळायचा गं?"

"कुणास ठाऊक," मी म्हटलं.

मला ठाऊक होतं. किती आडून आडून येतेय मी, नाही?

मे महिना होता. सगळ्या वस्तीची पोरं दिवसभर हौदात. आरडाओरडा, स्वयंपाकघरापर्यंत चिखल, ह्याला पाणी, त्याला टॉवेल. दादा खूश, आणि राबायची मी. एका दुपारी दादा झोपले होते. मी हौदामागे गेले, तळाच्या पाइपचा व्हॉल्व्ह थोडा सोडला — पाणी गुपचूप मागच्या नाल्यात. संध्याकाळी पाणी उतरलेलं बघून दादा म्हणाले, "गळतंय वाटतं." मी म्हटलं, "हो, मलाही तसंच वाटतं."

चार दिवस शांतता मिळावी, एवढंच हवं होतं. पण दादा पुन्हा भरायचे — आणि मी पुन्हा सोडायची. मग ते स्वतः तळाशी उतरले. त्या वयात, गुडघ्यांवर, हाताने चाचपत भेग शोधत. नसलेली भेग! सिमेंट लावायला घमेलं कुणी धरलं असेल? मीच. तेव्हा बोलता आलं असतं ना? समोर होते, हातभर अंतरावर.

शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "इंजिनिअरसाहेबांचा हौद गळतो म्हणे! मग पुलांवरून जरा जपूनच जायला हवं." दादा हसले. पण त्यानंतर त्यांनी हौद भरला नाही. पोरं फाटकाशी यायची, परत जायची. दादा मला म्हणाले, "सूनबाई, घरचंच काम कच्चं झालं बघा माझ्या हातून." पुढे बरीच वर्षं जगले. तसंच समजत गेले.

आज हौद पोरांनी भरलाय, नुसता कल्ला चाललाय. मी पायरीवर पाय पाण्यात सोडून हे लिहितेय, आणि खरं सांगते, फार सुख वाटतंय. आत मित्रा एका चिमुरडीला तरंगायला शिकवतेय. तिचे पणजोबा किती पक्कं काम करायचे, हे ती येईल त्याला सांगते. माझ्याबद्दलही चांगलंच सांगते.

ती बाहेर आली, की हे तिला वाचून दाखवणार आहे. मग ती जे म्हणेल ते.