पिराच्या रानाला चांगभलं

साल दोन हजार चोवीस. माझं वय अठ्ठ्याहत्तर. अहमदपूर तालुक्यातला शेतकरी, चौथी शिकलेला. भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी जन्मात काही मानलं न्हाई. आजबी मानत न्हाई. घडलं तेवढं लिहितो.

आमचा चुलता मारुती निजामाच्या पलटणीतून मलायाच्या लढाईला गेला. मी जन्मायच्या आधी. मेल्याची खबर न्हाई, जित्ता असल्याची न्हाई. वडील म्हणायचे, मढं पाहिलं न्हाई तर सुतक कशाचं? त्यांनी भावासाठी मिशा उतरवल्या न्हाईत. माझ्या एकदाच उतरल्या, वडील गेले तवा. दर येळवशीला, म्हंजे वेळ अमावस्येला, रानातल्या कडब्याच्या कोपीत पहिलं ताट मारुतीचं. ते वाढल्याबिगर कुणी घास उचलायचा न्हाई, आन् ते ताट त्याची वाट बघत झाकून ठेवायचं.

बायको दरसाल म्हणते, "अवो, शंभरी उलटली असंल त्याची. मोकळं करा आता त्याला."

मी म्हणतो, "तू पाहिलीस का त्याची राख?"

पोरगा बाळू नांदेडला शिकला, आता सिंगापूरला नोकरीला हाय. डिसेंबरात त्यानं मला बोलावून घेतलं. तिथं लढाईत गेलेल्यांच्या नावांची भिंत हाय, ती दाखवली. मारुतीचं नाव सापडलं न्हाई.

"बघ," मी म्हणलो.

"आण्णा, नाव नसलं म्हणून माणूस जित्ता असतो का?"

"मतदार यादीतून माझंबी गेलं होतं. मी मेलो होतो का?"

मग त्यानं मलेशियाची टूर काढली. कोटा भारूचा किनारा, जिथं जपानी उतरले. मिनीबस, गाईड, सोबत आठ-दहा गोरे म्हातारे. हा समदा मनसुबा त्याच्या आईचा — जागा पाहिली की म्हाताऱ्याचा हट्ट सुटंल म्हणे. आन् दिवस कोणता निघाला? येळवस! कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच मी त्या दिवशी रानात न्हाई.

किनाऱ्यावर सिमेंटची एक खोली. बंदुकीपुरती खिडकी, अर्धी वाळूत गेलेली. हैदराबादची पलटण इथं जवळच होती, असं गाईड सांगून राहिला. आभाळ गच्च, समुद्र खवळलेला. बाकीचे गाईडमागं पाण्याकडं गेले. भुरभुर सुरू झाली तसा बाळू छत्री आणायला बसकडं गेला.

मी एकटा. येळवस चुकल्याचा राग डोक्यात. घरी त्या दिवशी शेताला फेरी घालतात. पुढच्यानं आंबील शिंपडत "ओलगे ओलगे सालम पलगे" ओरडायचं, मागच्यानं रानाचं नाव घेऊन चांगभलं म्हणायचं. पुढच्यानं मागं वळून बघायचं न्हाई, फेरी मोडते. म्हणलं, इथं तर इथं. बाटलीतलं पाणी शिंपडत त्या खोलीभोवती फेरी धरली आन् ओरडलो.

मागून आवाज आला, "पिराच्या रानाला चांगभलं!"

वाटलं, बाळू आला. चार पावलं गेलो आन् ध्यानात आलं... आमचं पिराचं रान तळ्यात बुडालं, तवा बाळू जन्मलाबी न्हवता. तवापासून आम्ही "माळाच्या रानाला" म्हणतो. पिराच्या रानाचं नाव घेणारं घरात माझ्याबिगर कुणी उरलं न्हाई.

वळून बघावं वाटलं. बघितलं न्हाई. भ्यालो म्हणून न्हाई — फेरी मोडली असती. पुन्हा ओरडलो. पुन्हा तेच उत्तर. तरण्या गड्याचा आवाज, पर दमलेला. फेरी पुरी झाली की मागच्यानं एक बोलायचं असतं. तो ते बोलला.

"झालं. जेवा आता."

तेवढ्यात बाळू छत्री घेऊन आला. समोरून. मग मी मागं वळलो. मागं नुसता समुद्र.

"कुणाला ओरडून राहिलात आण्णा? गाईड इचारतोय."

"तुला दुसरा आवाज आला का?"

"तुमचाच आला. मधी मधी थांबत होतात."

बाळू म्हणतो, पिराचं रान तुमच्या डोक्यात होतं, तेच कानात वाजलं. असंल. पर मग दमलेलं का वाजलं?

परतताना बसमध्ये बायकोचा फोन आला, रानातून. "अवो, चुलत्याचं ताट वाढलंय. बसू का आम्ही?"

"बसा. आन् ते ताट गाईला घाल."

"गाईला?" तिनं दोनदा इचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलाखालच्या तमिळ न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसलो. त्यानं गालाला साबण लावला, मिशांकडं पाहिलं आन् दोन बोटांनी इचारलं, थोड्या बारीक करू का?

मी हातानंच दाखवलं — समद्या.