चाकांच्या पावलांनी आलेली गौर

यंदा आमची गौर आधी समोरच्या कांबळे काकूंकडे गेली.

सूप सासूबाईंच्या हातात होतं, पण करणी माझी. आमची गौर दरवर्षी ठाण्याला, माजिवड्याला, मोठ्या जाऊबाईंकडे बसते. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गौर डोंबिवलीत, मानपाड्याला आमच्याकडे यायची ठरली. "जमलं तर पुढेही इथेच. नाहीतर परत ठाणे," सासूबाईंनी जाहीर केलं. लग्न झाल्यापासून गौरीला मी फक्त पानं वाढत आले होते. आता गौर हातची जाऊ द्यायची नाही, असा मी चंगच बांधला!

पण बांधला तो मोबाइलच्या भरवशावर. मला ॲप आणि यंत्रांचं भारी वेड. (झाडाला तहान लागली की मेसेज पाठवणारी कुंडी आमच्याकडे आहे. झाड मेलं. मेसेज अजून येतात.) तर गौरीसाठी मी फरशी पुसणारा रोबो मागवला. ताटाएवढा, गोल. आपला आपण फिरतो आणि काम झालं की चार्जरवर जाऊन बसतो. चार्जर मखराशेजारी, कारण प्लग तिथेच. रोज संध्याकाळी पुसायचं, असं ॲपमध्ये लावून मी निर्धास्त झाले.

गौर यायच्या संध्याकाळी मी उंबऱ्यापासून मखरापर्यंत ओल्या कुंकवाची पावलं मुठीने उठवली. दार सताड उघडं ठेवून सगळे खाली सोसायटीच्या तुळशीपाशी गेलो. सासूबाईंनी सुपात मुखवटा घेऊन वर पदर धरला, माझ्या नवऱ्याने, मंदारने, थाळी बडवायला घेतली आणि वरात लिफ्टने वर आली.

फरशी लखलखीत! पावलं गायब! आणि आमच्या दारातून निघालेल्या दोन लाल रेघा थेट समोरच्या उघड्या दारात!

"अगं, पावलं कुठायत?" काठी टेकत मुद्दाम ठाण्याहून आलेल्या जाऊबाईंनी विचारलं.

"पुसली. रोबोने."

"आणि तो कुठाय?"

कांबळे काकूंच्या घरातून घुर्र घुर्र आवाज आला.

आता सासूबाईंचा नियम असा, की गौर हातात घेतली की खाली ठेवायची नाही, मागे फिरायचं नाही आणि कुंकवाच्या वाटेनेच चालायचं. "कुंकू जिथे, तिथे गौर," असं म्हणून त्या शिरल्या की समोर!

"अगंबाई! या ना, चहा टाकू?" काकू टीव्हीसमोरून उठल्या.

मी रोबो थांबवायला फोन काढला. बोटाला कुंकू, त्यामुळे ठसा पटेना. चेहरा दाखवला, तर नथीतली मी फोनला ओळखूच येईना!

"मंदार, पिन काय रे?"

"तूच बदललास ना!" थाळी न थांबवता तो ओरडला.

तेवढ्यात रोबो सोफ्याखाली गेला. मीही गेले. नऊवारीत, पोटावर! "बाहेर ये, मेल्या!"

"हात अवघडला गं माझा," सासूबाई म्हणाल्या.

"असू दे, आई," जाऊबाई गोड आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वर्षी माझा गुडघा बरा असेल."

हे ऐकलं आणि माझ्या अंगात बळ संचारलं. हात खांद्यापर्यंत घालून रोबोला खेचून काढला. त्याच्या पाठीवर घराचं चित्र असलेलं बटण दिसलं आणि डोक्यात प्रकाश पडला. तबकातलं उरलेलं कुंकू त्याच्या चाकांना चांगलं थापलं, पुसायचं फडकं काढून टाकलं, तिथेच सासूबाईंच्या पुढ्यात त्याला ठेवलं आणि बटण दाबलं.

रोबो निघाला. मागे दोन लाल रेघा, त्यावरून सासूबाई, मागे थाळी, शेवटी चहाचा कप घेऊन काकू.

"गौर कशाच्या पावलांनी आली?" मी विजयी स्वरात विचारलं.

"चाकांच्या!" मंदार म्हणाला.

रोबो मखराशेजारी चार्जरवर जाऊन बसला. गौर मखरात बसली. मला रडूच आलं, खरंच.

आरती झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही गौर इथेच."

मी जाऊबाईंकडे असं बघितलं म्हणता!

"सरळ मखरापाशी आणलं त्याने," सासूबाई रोबोला हळदकुंकू लावत म्हणाल्या. "ना आरडाओरडा, ना लोळण घेणं. असं गुणी कोणीतरी घरात हवंच होतं."

तर पुढच्या वर्षीसाठी रोबोचं नाव पक्कं आहे. माझ्या नावावर विचार चालू आहे.