बोटभर चीजची पट्टी

माझ्या साडूविषयी चार ओळी लिहाव्यात असं बरेच दिवस मनात होतं, पण धीर होत नव्हता. माणूस हयात आहे, वाचेल, ही भीती. मग लक्षात आलं की तो वर्तमानपत्राचं पहिलं आणि शेवटचं पान सोडून काही उघडत नाही. तेव्हा संपादकांनी हे मधल्या एखाद्या पानावर टाकावं, एवढीच विनंती.

साडू हे नातं न मागता मिळतं. मला लग्नात बायको मिळाली, पुढे तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं आणि त्यातून हा मिळाला. फर्निचरच्या दुकानात विक्रेता म्हणून त्याचा जन्म गेला. त्या दुकानातल्या कपाटांना दर्शनी बाजूला चकचकीत पॉलिश असे आणि मागे फळकुटं ठोकलेली. एखाद्या गिऱ्हाइकाने कपाट फिरवून पाहिलंच, तर हा हसून म्हणे, "अहो, पाठीमागे कोण बघतं?" हे वाक्य त्याने दुकानातून घरी आणलं आणि त्यावर संसार केला.

त्याच्या घरी पाहुणा बसतो त्या सोफ्यासमोरच्या भिंतीला दरवर्षी रंग लागतो. सोफ्यामागची भिंत गृहप्रवेशाच्या वेळी होती तशीच आहे, फक्त जास्त मळकी. थंडीत तो स्वेटर घालतो तेव्हा शर्टाच्या कॉलरलाच तेवढी इस्त्री असते. आमची मुलं लहानपणापासून त्याला शोरूमकाका म्हणतात. त्याला वाटतं, दुकानामुळे म्हणतात.

निवृत्त झाल्यावर हा स्वयंपाकघरात घुसला. कुठेतरी त्याने केसाडिया बघितला होता. मैद्याची पातळ पोळी, तिच्यात चीज, मधोमध घडी, आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायची. खरं तर यात चुकण्यासारखं काही नाही. पण ज्याला चुकायचंच असतं त्याला जागा सापडते. चीज महाग म्हणून याने शोध लावला की चीज सगळीकडे पसरायचंच नाही. घडीच्या मधोमध, जिथे सुरी चालणार, तिथेच बोटभर रुंदीची पट्टी ठेवायची. सुरीने दोन तुकडे केले की दोन्ही तुकड्यांच्या कापल्या बाजूला चीज वितळून ओघळताना दिसतं. तुकडे हळूच लांब करायचे, म्हणजे तार निघते. तार निघाली की हा आमच्याकडे असं बघायचा, जणू ती त्याच्या पोटातून निघाली आहे.

"बघा भाऊसाहेब, एवढ्याशा चीजमध्ये हॉटेलसारखा माल!"

मी मान डोलवायचो. वाद घालणं मला जमत नाही. बायको मात्र घरी येताना म्हणायची, "तार बघून पोट भरलं असेल, तर घरी खिचडी टाकू का?"

मेहुणीची गोष्ट वेगळी. तीही केसाडिया करायची, आणि स्वस्तातच करायची. उकडलेला बटाटा कुस्करून त्यात चीज किसायची, कांदा, थोडी मिरपूड घालायची आणि ते सारण पोळीच्या अगदी कडेपर्यंत लावायची. आच मंद, वर झाकण. चीज तिला नवऱ्यापेक्षा चिमूटभरच जास्त लागे, पण प्रत्येक घासात ते असे. नवरा मागे उभा राहून म्हणे, "कडेला कशाला फासतेस? कडा कोण बघतं?" ती सारण कडेपर्यंत लावत राही. हा दिवसभर घरात, आणि हिला ओट्यापाशी वळायला जागा नाही.

एकदा ती माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, मला फक्त एक शेगडी हवी. जिथे हा माणूस नसेल."

तशी शेगडी निघाली. आमच्याजवळच्या पोहण्याच्या तलावाचं कँटीन रिकामं झालं होतं. मुलांना परवडेल असं गरम काहीतरी करणारी बाई व्यवस्थापनाला हवी होती. मेहुणीने अर्ज केला. घरचं स्वयंपाकघर बघायला आणि चव घ्यायला तलावाचे अध्यक्ष आणि पोहायला शिकवणाऱ्या बाई येणार असं ठरलं. आम्हा दोघांनाही बोलावलं होतं, बहुधा सोफा भरलेला दिसावा म्हणून.

आम्ही पोचलो तेव्हा साडू ॲप्रन बांधून ओट्याशी उभा होता आणि मेहुणी दारात.

"अगं, तू करणार होतीस ना?" बायकोने विचारलं.

"ते म्हणाले, पाहुण्यांसमोर मी करतो. तुला प्रेझेंटेशन येत नाही." मेहुणीचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट होता. तिचं सारण एका वाडग्यात झाकून ठेवलेलं होतं.

पाहुणे आले. साडूने अध्यक्षांसमोर पहिला केसाडिया कापला, तार काढली. अध्यक्ष "वा!" म्हणाले. दुसऱ्यावर सुरी ठेवणार, तोच शिकवणाऱ्या बाईंनी हात पुढे केला.

"कापू नका. अख्खाच द्या."

"कापल्याशिवाय मजा नाही हो मॅडम."

"पोरं पाण्यातून कुडकुडत येतात, ओल्या हातात घेतात आणि पळतात. त्यांना कोण कापून देणार?" असं म्हणून त्यांनी कागदात धरून टोकाकडून घास घेतला. चावला. पुन्हा घेतला.

"चीज संपलं होतं का?"

"पुढे येईल मॅडम," साडू म्हणाला. "खात राहा."

असं उत्तर मी आयुष्यात ऐकलेलं नाही. बाई खरोखरच खात राहिल्या. खोलीत फक्त कोरड्या पोळीचा आवाज. मधोमध पोचल्यावर त्या म्हणाल्या, "आलं." पुढच्या घासाला म्हणाल्या, "गेलं."

माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. अध्यक्षांनी आपला तुकडा उलटा करून पाहिला. साडू हसत होता. ते हसू अपुरं पडतंय हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मेहुणी तेव्हा आत आली. वाडग्यावरचं झाकण काढलं, नवऱ्याला कोपराने बाजूला केलं आणि एक पोळी तव्यावर टाकली. तो म्हणाला, "अगं, आता कशाला, त्यांचं पोट भरलं असेल." बाई म्हणाल्या, "नाही भरलं."

तो केसाडिया त्यांनी उभ्यानेच संपवला आणि बोटं चाटली. मग विचारलं, "कँटीनमध्ये तुम्ही दोघं असणार का?"

साडूने तोंड उघडलं. मेहुणी त्याच्याआधी बोलली, आणि मोठ्याने बोलली.

"नाही. मी एकटी."

कँटीन तिला मिळालं. तिथे तिच्या ओट्याच्या चारी बाजू सारख्याच स्वच्छ आहेत. मी मुद्दाम मागे जाऊन पाहिल्या.

साडू रोज दुपारी तिथे जेवायला जातो. गिऱ्हाईक म्हणून, काउंटरच्या अलीकडे. परवा मी सोबत होतो. मेहुणीने त्याच्यासाठी वेगळा केसाडिया केला. सारण नाही, मधोमध बोटभर चीजची पट्टी, कापून दिला.

मी हळूच म्हणालो, "हे काय?"

"भाऊजी, त्यांना तसाच लागतो," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्याने तार काढली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी टॉवेल गुंडाळून बसलं होतं, त्यांना दाखवली. "बघा, ही सगळी पद्धत माझी. बायकोला मीच शिकवली." मग मधला भाग खाल्ला आणि कडा ताटलीत तशाच ठेवून उठला.

"आज कडा जरा कोरड्या झाल्यात," तो मला म्हणाला. "हिचं लक्ष नसतं."